पटावरची माणसं, अहवालातली माणसं

कंपनीचा वार्षिक अहवाल जाडजूड असतो आणि तो वाचणारे थोडे. सुरुवातीला अध्यक्षांचं पत्र, मग हेल्मेट घातलेल्या हसऱ्या कामगारांचे फोटो, शेवटी नफ्यातोट्याचा हिशेब. या सगळ्याच्या मध्ये कुठंतरी बारीक टायपात छापलेला एक लांबलचक भाग असतो. त्याचं नाव ‘बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’, उद्योगजगताच्या बोलीत ‘बीआरएसआर’. त्याच्या पहिल्याच विभागात मनुष्यबळाचा एक तक्ता आहे. त्यात दोन गट आहेत, ‘एम्प्लॉयी’ आणि ‘वर्कर’. प्रत्येक गटात पुन्हा दोन ओळी, कायम आणि कायम नसलेले. कामगारांमधल्या ‘कायम नसलेले’ या ओळीला नमुन्यात ‘जी’ हे अक्षर दिलेलं आहे. कंपनी आपल्या माणसांशी कशी वागते हे ज्याला जाणून घ्यायचंय, त्यानं अध्यक्षांचं पत्र बाजूला ठेवून आधी ही ‘जी’ची ओळ पाहावी असं माझं मत आहे. तिच्यामुळे पुढचे अनेक आकडे वेगळेच दिसायला लागतात.

हा अहवाल एका दिवसात आलेला नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०११ मध्ये उद्योगांसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. पुढच्याच वर्षी ‘सेबी’नं बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल देणं सक्तीचं केलं. मग ही मर्यादा ५०० आणि पुढे १,००० कंपन्यांपर्यंत गेली. २०१९ मध्ये तत्त्वं नव्यानं लिहिली गेली. ती नऊ आहेत, आणि त्यातलं तिसरं सर्व कर्मचाऱ्यांच्या, अगदी पुरवठा साखळीतल्या माणसांच्याही, हिताबद्दल आहे. मे २०२१ मध्ये सेबीनं बीआरएसआरचा नमुना काढला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो पहिल्या १,००० कंपन्यांना बंधनकारक झाला.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सेबी ही गुंतवणूकदारांची राखणदार संस्था आहे. कामगार आयुक्त किंवा कारखाना निरीक्षक यांच्याशी तिचा संबंध नाही. तिनं कामगारांची माहिती मागितली ती भागधारकाला धोका कळावा म्हणून. ज्या कंपनीत अपघात होतात, माणसं टिकत नाहीत, तक्रारी दाबल्या जातात, तिच्यात पैसे घालणं जोखमीचं, असा साधा व्यापारी हिशेब त्यामागे आहे. त्यामुळे अहवाल कामगाराबद्दल असला तरी कामगाराला उद्देशून लिहिलेला नसतो. ज्याच्या इजांबद्दल त्यात आकडे असतात त्याच्या हातात तो पडण्याची शक्यता कमी, आणि पडलाच तर तो इंग्रजीत असतो.

आता अहवालाच्या नावातल्या ‘सस्टेनेबिलिटी’कडे, म्हणजे ‘शाश्वत’ या विशेषणाकडे वळू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात चांदीच्या खाणींसाठी लाकूड अपुरं पडायला लागलं. खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झनं १७१३ मध्ये वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि जंगल जितकं वाढतं तितकंच तोडावं हा विचार मांडला. पुढे तो पाणी, माती, हवा यांना लागू झाला. माणसांना लागू व्हायला मात्र फार वेळ लागला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेफ्री फेफर यांनी २०१० मध्ये याच विसंगतीवर बोट ठेवलं. कंपन्या ध्रुवीय अस्वलांची काळजी वाहतात, मग पगारावरच्या माणसांच्या तब्येतीबद्दल इतक्या गप्प का, असा त्यांचा रोख होता. त्याआधी वर्षभर, २००९ मध्ये, जर्मन अभ्यासक इना एनर्ट यांचं शाश्वत मनुष्यबळ व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं होतं. त्यातला गाभ्याचा विचार कार्लोवित्झच्या जंगलाशी नातं सांगणारा आहे. कंपनी माणसांचं कौशल्य, आरोग्य, उमेद वापरते. ते पुन्हा भरून येईल इतकी जागा ती ठेवते का? की ती भरपाई घरच्यांवर, सरकारी दवाखान्यांवर आणि गावाकडच्या शेतीवर ढकलते?

हिशेबशास्त्राला हा प्रश्न कधी नीट मांडताच आला नाही. यंत्र विकत घेतलं की ते मालमत्तेत जातं, माणसाचा पगार मात्र खर्चात. हे उलटवण्याचे प्रयत्न झाले. इन्फोसिसच्या जुन्या वार्षिक अहवालांत कर्मचाऱ्यांचं ‘मूल्य’ रुपयांत मांडलेलं सापडतं. लेव आणि श्वार्ट्झ या अभ्यासकांनी १९७१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीनं, म्हणजे निवृत्तीपर्यंत माणूस किती कमावेल याची आजची किंमत काढून, तो आकडा काढला जाई. कल्पना ऐकायला छान, पण या सूत्रात निवृत्तीला टेकलेल्या अनुभवी माणसाची किंमत जवळपास शून्यावर येते. ज्या फिटरला यंत्राच्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते कळतं, तो या हिशेबात कालच्या भरतीतल्या पोरापेक्षा स्वस्त. रुपयांत मोजण्याचा नाद मागे पडला आणि डोकी, तास, टक्के मोजण्याची पद्धत रुजली, ते बरंच झालं.

मात्र मोजायचं कुणाला हा वाद जुना आहे आणि मुंबईला तो चांगला ठाऊक आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. तिकडे जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यानं १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस लागू केला. कायद्याला तिथवर पोचायला पुढे काही दशकं लागली. म्हणजे चांगला मालक कायद्याच्या पुढे चालू शकतो, याचा दाखला आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पण त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत ‘बदली’ नावाची एक जमात होती. रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकावर यायचं, कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी साच्यावर जायचं, नाहीतर घरी परतायचं. अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं परळ-लालबागच्या चाळींत घरोघरी होती. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये जो संप सुरू झाला, त्याच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती. गिरण्या गेल्या, तिथं टॉवर उभे राहिले. बदलीची पद्धत मात्र चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर अशी जागा बदलत गेली. तिथं तिला कंत्राटी, टेम्पररी, ट्रेनी, अप्रेंटिस अशी नावं मिळाली. उद्योगांच्या वार्षिक सरकारी पाहणीनुसार देशातल्या संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण आता साधारण ४० टक्के आहे. अहवालातली ‘जी’ची ओळ ती हीच.

हे आकड्यांत कसं उतरतं ते पाहू. समजा, औद्योगिक पट्ट्यातला एक कारखाना आहे. कायम कामगार ७००, कायम नसलेले १,८००. वर्षभरात कायम कामगारांपैकी ३५ जण निवृत्त झाले किंवा सोडून गेले. गळतीचा दर काढायचा तर ३५ भागिले सरासरी ७००, म्हणजे ५ टक्के. अहवालात ५ टक्के छापून येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, माणसं टिकून आहेत. आता ‘जी’ची ओळ घ्या. कारखानदारीत सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरीचे हक्क सुरू होतात, म्हणून त्याआधीच मुलाला घरी पाठवायचं आणि दुसरा घ्यायचा. १,८०० जागांवर प्रत्येक जण सात महिने राहिला तर वर्षात तीन हजारांहून जास्त माणसं त्या फाटकातून आत-बाहेर करतात. अहवालात त्यांचं काय होतं? काहीच नाही. कारण बीआरएसआरच्या नमुन्यात गळतीचा दर फक्त कायम कर्मचारी आणि कायम कामगार यांचाच मागितलेला आहे. कंपनीनं खोटं काहीच लिहिलेलं नसतं. नमुन्यानं तो प्रश्न विचारलेलाच नाही.

संघटनेच्या सभासदत्वाचंही तसंच. किती टक्के कामगार मान्यताप्राप्त युनियनमध्ये आहेत हा आकडा कायम कामगारांपुरताच मागितला जातो. त्यामुळे ‘९८ टक्के कामगार युनियनमध्ये’ असं वाक्य खरं असू शकतं आणि तरीही त्या आवारातले दहापैकी सात जण युनियनबाहेर असू शकतात.

कर्मचारी कुणाला म्हणायचं आणि कामगार कुणाला, यासाठी सेबीनं २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतल्या व्याख्या घेतल्या. गंमत अशी की ही संहिता संसदेनं संमत केली तरी लागू झाली ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधली काही वर्षं कंपन्या अमलात नसलेल्या कायद्याच्या व्याख्येवर आपली माणसं मोजत होत्या. संहिता लागू झाल्यावर मुदतीच्या कराराने घेतलेल्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षात ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. हा बदल चांगला आहे. पण सात महिन्यांत ब्रेक मिळणाऱ्याला एक वर्षही लांबच.

सगळ्यात काळजीपूर्वक वाचावा असा आकडा अपघातांचा. एलटीआयएफआर, म्हणजे ज्या इजेमुळे कामाचा वेळ बुडाला अशा इजांचं दर दहा लाख मनुष्यतासांमागचं प्रमाण. आपल्याच कल्पित कारखान्यात २,५०० माणसं प्रत्येकी वर्षाला २,४०० तास काम करतात, म्हणजे ६० लाख तास. अशा सहा इजा झाल्या तर दर १ येतो. कंत्राटी मनुष्यबळही यात धरायचं असतं, त्यामुळे इथं ‘जी’ची ओळ निदान कागदावर तरी आत येते. पण ‘वेळ बुडाला’ या शब्दांत पळवाट आहे. जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी बँडेजसह बोलावून स्टोअरमध्ये बसवलं, हजेरी लावली, तर वेळ बुडालाच नाही. सुपरवायझरचा बोनस या आकड्याशी जोडलेला असेल तर हा मोह आणखी वाढतो. म्हणून नुसता एलटीआयएफआर पाहू नये, शेजारची ‘नोंदवण्याजोग्या एकूण इजा’ ही ओळही पाहावी. पहिला आकडा शून्य आणि दुसरा मोठा असेल तर विचारायला जागा आहे. मृत्यूंचा आकडा वेगळा द्यावा लागतो. तो लपवणं सगळ्यात अवघड, म्हणून तो सगळ्यात विश्वासार्ह.

आणि खरे अपघात अनेकदा या अहवालाच्या कुंपणाबाहेर होतात. गुरुग्रामची ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अपघातांवर ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते. त्यातलं चित्र असं की पॉवर प्रेसवर बोटं जातात ती मुख्यतः मोठ्या ब्रँडना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या-मध्यम कारखान्यांत, आणि जखमींपैकी अनेकांना ईएसआयसीचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड अपघात झाल्यानंतरच मिळालेलं असतं. असे पुरवठादार बहुतेक शेअर बाजारात नोंदलेले नसतात. गाडी ज्या कंपनीच्या नावानं विकली जाते तिच्या एलटीआयएफआरमध्ये हे बोट कुठंच दिसत नाही.

सेबीला हे ठाऊक आहे. जुलै २०२३ मध्ये तिनं ‘बीआरएसआर कोअर’ आणलं. त्यात निवडक निर्देशांकांची बाहेरच्या तज्ज्ञाकडून पडताळणी करून घ्यायची, आणि पहिल्या २५० कंपन्यांनी पुरवठा साखळीचीही माहिती द्यायची, असं ठरलं. पडताळणी २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली. पुरवठा साखळीचं मात्र उद्योगांच्या विरोधापुढे पातळ होत गेलं. मुदत पुढे गेली, अट ऐच्छिक झाली, आणि खरेदी किंवा विक्रीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त आहे एवढ्याच भागीदाराचा विचार करण्याची मुभा मिळाली. पॉवर प्रेसचं शेड चालवणारा तिसऱ्या-चौथ्या फळीतला पुरवठादार या चाळणीतून अलगद खाली पडतो. छोट्या उद्योजकावर कागदपत्रांचा बोजा नको हे कंपन्यांचं म्हणणं निव्वळ बहाणा नाही, त्यात तथ्य आहे. पण भाव पाडून घेताना त्याच उद्योजकाचे पैचे हिशेब मागवता येतात, तर प्रेसला सेन्सर आहे का हे विचारणं अशक्य कसं? हा दोष फक्त आपल्याकडचा नाही. एनर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या अहवालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की मनुष्यबळाबद्दलची माहिती पर्यावरणाच्या माहितीपेक्षा कमी नसते, पण ती स्वतःच्या कर्मचाऱ्यांबद्दल जास्त आणि पुरवठा साखळीतल्या माणसांबद्दल कमी असते. ढाक्याजवळची कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा इमारत एप्रिल २०१३ मध्ये कोसळून १,१०० हून अधिक माणसं मेली, त्यानंतर हा अभ्यास आला.

स्त्रियांबद्दलचे आकडे जोडीनं वाचावेत, एकेकटे वाचले तर फसवतात. पुरुष आणि स्त्रियांच्या पगाराचा मध्यक अहवालात गटवार दिलेला असतो. कारखान्यात बायका फारच थोड्या आणि त्याही इंजिनिअर किंवा एचआर अधिकारी असतील तर त्यांचा मध्यक पुरुषांपेक्षा वर दिसतो, आणि कंपनी टाळ्या घेते. शेजारी कोअरमधला एक आकडा ठेवा, एकूण वेतनापैकी किती टक्के स्त्रियांना गेलं तो. मध्यक समान आणि वाटा ४ टक्के असेल तर समतेचं कारण एवढंच की बायकांना घेतलेलंच नाही. तसंच बाळंतपणाच्या रजेचं. किती जणी परत कामावर आल्या आणि त्यातल्या किती जणी एका वर्षानंतरही टिकल्या, असे दोन दर असतात. पहिला १०० आणि दुसरा ६० असेल, तर पाळणाघर कागदावर आहे की खरोखर चालतं हे विचारावं. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. सव्विसाव्या आठवड्यानंतर काय होतं ते सांगतो तो हा दुसरा दर.

लैंगिक छळाच्या तक्रारी ‘शून्य’ पाहून कुणी खूश होऊ नये. विशाखा खटल्याचा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. इतक्या वर्षांनंतर दहा हजार माणसांच्या कंपनीत एकही तक्रार नसेल तर एक तर ती स्वर्ग आहे, नाहीतर तिथल्या बायकांचा अंतर्गत समितीवर भरवसा नाही. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. ज्या कंपनीनं वीस तक्रारी नोंदवल्या आणि त्यातल्या किती खऱ्या ठरल्या तेही सांगितलं, तिच्यावर मी अधिक विश्वास ठेवीन.

किमान वेतनाच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, ‘किमान वेतनाइतकं’ आणि ‘किमान वेतनापेक्षा जास्त’. ‘कमी’ असा रकानाच नाही. कमी देणं बेकायदा आहे, म्हणून तो नसावा. तरी वाचणाऱ्यानं दोन्ही टक्क्यांची बेरीज शंभर भरते का ते पाहावं. आणि ‘जी’च्या ओळीत सगळे पहिल्या रकान्यात असतील तर कंपनी ठेकेदाराला फक्त कायद्यापुरतेच पैसे देते असा सरळ अर्थ घ्यावा.

पांढरपेशांची मोजदाद त्याहून कच्ची आहे. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं या एका उद्योगपतीच्या विधानावर २०२३ मध्ये देशभर गदारोळ झाला. पण कर्मचारी आठवड्याला प्रत्यक्ष किती तास काम करतात हे सांगणारा रकाना बीआरएसआरमध्ये नाही. अपघातांचा दर काढताना एकूण तास छेदात वापरले जातात, तेवढाच त्यांचा उपयोग. रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्या हिंजवडीतल्या मुलीचे ते तास कुठल्याच ओळीत येत नाहीत. विम्याची टक्केवारी येते, योगदिनाचा फोटोही येतो.

एवढं सगळं ऐकून हे अहवाल म्हणजे निव्वळ देखावा असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. असे अहवाल सुरू होण्याआधी एखाद्या बड्या कंपनीत किती कंत्राटी माणसं आहेत हे शोधायला कामगार कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, आणि तरी आकडा मिळेलच असं नसे. आज तो छापलेला असतो, दरवर्षीचा असतो, दोन कंपन्यांची तुलना करता येईल अशा एकाच नमुन्यात असतो. अजून दोन ओळी मात्र नमुन्यात घालायलाच हव्यात, कायम नसलेल्यांच्या गळतीचा दर आणि त्यांच्या सरासरी नोकरीचे महिने. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, सेबीचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

तोवर हे काम वाचकानं करायचं आहे. अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर आणि शेअर बाजारांच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. नोकरीचं ऑफर लेटर हातात असलेल्यानं, म्युच्युअल फंडात हप्ता भरणाऱ्यानं, युनियनच्या पदाधिकाऱ्यानं तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून ‘जी’ची ओळ, एकूण इजा आणि स्त्रियांचा वेतनातला वाटा एवढं तरी पाहावं. उत्तर सापडलं नाही तर वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारावं. त्यासाठी कंपनीचा एक शेअर पुरतो.